पाचवा डबा

आमच्या घरात कुणाचंही भांडं रिकामं परत जात नसे. शेजारच्या कमलम्मांची वाटी आली तर तिच्यात चार शेंगदाणे तरी, काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालूनच आई ती परत द्यायची. रिकामं भांडं दारातून बाहेर गेलं की घराची बरकत त्याच्या मागोमाग जाते, असं तिचं ठाम मत. चामराजपुरमच्या आमच्या गल्लीत सगळे कन्नड बोलणारे, त्यांनाही तिनं ही सवय लावली होती. म्हैसूरच्या जुन्या रिसाल्यातून, म्हणजे घोडदळातून, आलेली आमच्यासारखी मराठी घरं शहरात विखरून आहेत. आमच्या मराठीत अर्धं कन्नड, आणि पुण्याच्या माझ्या जावेला ते ऐकून अजून हसू आवरत नाही. हसू दे बापडी. पण भांडं रिकामं न देण्याची पद्धत मात्र आम्ही शुद्ध मराठी ठेवली होती, आणि माझ्या आयुष्यात जे घुसलं ते नेमकं त्याच दारातून घुसलं. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आई कोडबळी विकायची. तांदळाच्या पिठाचं, खोबरं आणि लाल मिरची वाटून घातलेलं ते कडबोळ्याचं कन्नड भावंड. दुपारी कॉलेजातून आले की गल्लीच्या तोंडापासूनच तळणाचा वास यायचा, आणि पायऱ्या चढताना कढईतला तो चर्रर्र आवाज. आई पाटावर बसून बोटाएवढी वळी करायची, टोकाला टोक चिकटवायची आणि तोंडानं सारखं काहीतरी चालू. मला म्हणायची, "रेणे, तेल बघ गं, सुम्ने उभी राहू नको." सुम्ने म्हणजे उगाच. आमच्या घरात दिवसातून शंभरदा हा शब्द ऐकू यायचा. तळलेली कोडबळी गार झाली की तिच्या लग्नातल्या पाच मोठ्या स्टीलच्या डब्यांत भरायची. त्या डब्यांवर तिचं नाव होतं, "सौ. इंदिरा रामराव शिंदे", देवनागरीत. नाव घालणाऱ्या भांडेवाल्याला मराठी अक्षरं येत नव्हती. तेव्हा माझ्या आजोबांनी खडूनं डब्यावर लिहून दिलं आणि त्यानं त्यावर ठोके मारले. अक्षरं जरा उजवीकडे कललेली. आईचा त्या डब्यांवर माझ्यापेक्षा जास्त जीव होता, हे मी तेव्हाही म्हणायचे आणि आताही म्हणते.

तिचा दुसरा जीव उखाण्यांवर. बायका जमल्या की नवऱ्याचं नाव यमकात घ्यायचं, एवढंच ते. पण आई तळताना, झाडताना, बस चुकली तरी उखाणा जुळवायची. अप्पा बस डेपोत मेस्त्री होते. त्यांच्यावर तिचा ठरलेला उखाणा होता:

कोडबळी तळते खमंग, आच ठेवते मंद,
रामरावांना बसचा नाद, मला डब्यांचा छंद.

अप्पा वैतागल्यासारखं करायचे आणि मिशीत हसायचे. मलाही ती सवय लागली. कॉलेजात बाकावर बसल्या बसल्या मी बाईंवर, शिपायावर, कँटीनच्या इडलीवर उखाणे करायचे. तोंडानं सरळ बोलता येत नसलं की मनात यमक आपोआप जुळायचं. पुढं ते माझ्या फार कामाला आलं, आणि ऐन वेळी कुचकामी ठरलं.

शनिवारी दुपारी मी चामराजपुरम स्टेशनावरून पॅसेंजर पकडून नंजनगूडला जायचे, मांडीवर डब्यांची पिशवी घेऊन. कडकोळ्याला गाडी बराच वेळ थांबायची, मग कपिला नदीचा पूल, आणि पुलानंतर लगेच स्टेशन. तिथं देवळाच्या रस्त्याला आमची कोडबळी घेणाऱ्या नवीनचं दुकान होतं. बरण्यांत चिवडा, फरसाण, बाहेर केळ्यांचे घड, आणि बाजूला मोबाइलचं रिचार्ज. वय तिशीच्या आतलं, कपाळाला विभूती, बोलणं गोड. मी त्याला नवीनण्णा म्हणायचे आणि तो मला तंगी, म्हणजे धाकटी बहीण. मला भाऊ नव्हता. घरात कुणी विचारत नसे असे प्रश्न तो विचारायचा. अकाउंटन्सी जड जाते का, बाई रागावतात का, पुढं काय व्हायचंय. बदाम दूध द्यायचा. सोळाव्या वर्षी एवढं पुरतं हो. आता माझी मुलगी त्या वयाची आहे, तिच्याशी कुणी फार गोड बोललं की मी मध्येच जाऊन उभी राहते, आणि ती म्हणते, "अम्मा, तुला सगळेच चोर दिसतात."

एकदा आई स्वतः माझ्याबरोबर आली होती. नवीननं डबा रिकामा करून परत दिला तशी ती हसून म्हणाली, आमच्यात रिकामा डबा देत नाहीत हं. त्यानं जीभ चावली, कान पकडले आणि नंजनगूडची चार रसबाळी केळी डब्यात घातली. आई परतीच्या गाडीत पुलापर्यंत त्याचंच कौतुक करत होती. त्यानंतर दर शनिवारी डब्यात काहीतरी असायचंच. केळी, गूळ, कधी देवळातला प्रसाद. "खाली डब्बा कोडबारदू, तंगी," रिकामा डबा देऊ नये, असं तो आईची नक्कल करून म्हणायचा. मग एका शनिवारी केळ्यांच्या खाली तपकिरी कागदात गुंडाळलेलं एक पाकीट आलं. "माझ्या मित्राच्या आईचं आयुर्वेदिक औषध आहे. चामराजपुरमला टोपीवाला मुलगा उभा असेल, त्याला दे." टोपीवाला उभा होता. मी दिलं. पुढच्या शनिवारी पुन्हा दिलं. मोठं माणूस आपल्यावर विश्वास टाकतंय, याचा मला अभिमान वाटायचा, आता हसावं की रडावं कळत नाही.

ते फुटलं केळ्यामुळे. रसबाळं पिकलं की साल कागदासारखी होते. गाडीत गर्दी, पिशवी दाबली गेली आणि केळ्याचा चिकट रस पाकिटावर उतरला. औषध खराब होईल म्हणून मी कागद सोडला, पुसायला. आत गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, आणि एक प्लॅस्टिकची पुडी, वाळक्या हिरव्या पाल्याची. त्याच आठवड्यात आमच्या कॉलेजात पोलिसांचं व्याख्यान झालं होतं, पडद्यावर नशेच्या मालाचे फोटो दाखवले होते. तेव्हा आम्ही मागच्या बाकावर खुसखुसत होतो. त्या गोळ्या खाऊन आमच्याच वयाची पोरं वर्गात माना टाकतात, असं व्याख्यान देणाऱ्या पोलीस बाई सांगत होत्या. मी कागद पुन्हा गुंडाळला. शेजारच्या बाईनं विचारलं, बरं वाटत नाही का मुली?

पुढच्या शनिवारी मी नवीनला सांगितलं की हे मी नेणार नाही. वाटलं होतं ओरडेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. तो शांतपणे हसला. माझ्या पिशवीतला एक डबा काढला, त्यात तसलीच पाकिटं भरली, झाकण दाबून बसवलं आणि वर देवाच्या फोटोशेजारच्या फळीवर ठेवून दिला. नाव बाहेरच्या बाजूला. "हा इथंच राहू दे, तंगी. अख्ख्या नंजनगुडात असली अक्षरं असलेला डबा दुसरा नाही. पोलिसांना सापडला तर ते काय वाचतील? माझं नाव नाही वाचणार. अम्मांचं वाचतील." मग मला बदाम दूध दिलं. मी ते प्यायले, कारण दुकानात गिऱ्हाईक होतं आणि न पिण्याचं कारण सांगता येत नव्हतं.

त्या दिवसापासून मी त्याची झाले. दुसरा शब्द नाही. शनिवार पुरेना, बुधवारही आला. कॉलेज बुडवून हुणसूरच्या बसनं जायचं, तिथं तंबाखूच्या गोदामांच्या बाजूला कुणीतरी उभं असायचं. नेहमी वेगळा माणूस, आणि प्रत्येकाला माझं नाव ठाऊक. एकदा मी फोन बंद ठेवला, तर नवीननं आईच्या फोनवर फोन करून प्रेमानं विचारलं, "अम्मा, तंगीची तब्येत बरी आहे ना?" आई खूश. जेवण जाईना. ताटातला सारभात मी चिवडत बसायचे, आणि आई म्हणायची परीक्षेची काळजी करते पोर. सकाळी जाग आली की पहिल्यांदा छातीवर धोंडा बसायचा आणि मग आठवायचं कशाचा. कुणाला सांगू? अप्पांना सांगितलं तर ते पोलिसांत जाणार, पोलीस डबा काढणार आणि आईला नेणार. दरवेळी विचार तिथंच येऊन थांबायचा. मग बसच्या खिडकीला डोकं टेकून यमकं जुळवायची:

हुणसूरच्या बसला गर्दी, खिडकीपाशी बसते,
आई विचारते "बरी आहेस ना?", मी नुसतीच हसते.

आणि पॅसेंजर पुलावर आली की:

कपिलेच्या पुलावरून गाडी जाते दणदण,
मांडीवरच्या डब्यामध्ये कुणाकुणाचं मरण.

पुलावर दरवेळी वाटायचं, पिशवी खिडकीतून खाली फेकावी. पण फेकून काय, फळीवरचा डबा तिथंच होता.

इकडे आईनं डोकं खाल्लं होतं. "माझा पाचवा डबा कुठाय?" रोज. तळताना, झोपताना, देवापुढं बसलेली असतानासुद्धा. मी सांगितलं कॉलेजात राहिला. मग कुठल्या मैत्रिणीकडे? तिचं नाव सांग. तिच्या आईला फोन लावते. "अगं, माझ्या बाबांच्या हातची अक्षरं आहेत त्याच्यावर, काही किंमत आहे का तुला?" एकदा मी इतकी किंचाळले की अप्पा आंघोळ अर्धवट टाकून बाहेर आले. एका डब्यासाठी जीव घेतेस का माझा, असं मी म्हणाले होते. आईनं संध्याकाळी माझ्या आवडीचं तिखट-गोड गोज्जू करून वाढलं. मी एक घास खाल्ला आणि मोरीत जाऊन ओकले.

नवरात्र आलं. घरात इकडच्या रिवाजानं बाहुल्या मांडल्या, पायऱ्यांवर राजा-राणी, हत्ती, वाणी. माझी आत्या सुमन, अप्पांची थोरली बहीण, नऊ दिवस राहायला आली. गावात दिव्यांच्या माळा, पाहुण्यांची झुंबड, सगळीकडे मिठाई. आणि फोनवर नवीन म्हणाला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हुणसूरला ये, कपडे घेऊन ये, चार-पाच दिवस राहावं लागेल, घरी कॉलेजची ट्रिप म्हणून सांग. कुठं राहायचं, कोण असेल, विचारलं तर म्हणाला, "अण्णा आहे ना." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी तिकडे गेले तर परत येणारी रेणू वेगळीच कुणीतरी असेल, किंवा येणारच नाही.

खंडेनवमीला सकाळी अप्पांनी तलवार काढली. खापरपणज्यांची, रिसाल्यातली. वर्षातून एकदा तेल लावून, हळदकुंकू वाहून पाटावर ठेवायची. अप्पा धोतर नेसून मिशीला पीळ देत म्हणाले, "आपण लढवय्ये, कळलं का रेणू? पाठ दाखवायची नाही." दरवर्षी हेच म्हणायचे. त्यांची बसची पाना-पक्कडही शेजारी मांडलेली असायची आणि आईची कढई, झारा, चार डबे. तिनं चौथ्या डब्याशेजारी मुद्दाम जागा रिकामी ठेवली होती आणि तिथं एक फूल ठेवलं होतं. ते फूल बघून माझा धीर सुटला. त्या दुपारी हळदीकुंकवाला बायका येणार होत्या, तिथं मी बोलायचं ठरवलं. सरळ बोलायला तोंड उघडत नव्हतं, पण उखाण्यात कुणालाच अडवत नाहीत. आमच्यात लग्न न झालेल्या पोरींनाही सराव म्हणून घ्यायला लावतात. देवाचं नाव घ्या, बापाचं घ्या, काहीही.

दुपारी पंधरा-वीस बायका आल्या, सगळ्या आमच्याच मराठी घरांतल्या. फुलं, अत्तर, भिजवलेल्या हरभऱ्याची उसळ, हसणं. उखाणे सुरू झाले. आत्यानं मला पुढं ढकललं, "घे गं, लाजू नको." मी उभी राहिले. देवीकडे बघत मी म्हणाले:

देवापाशी फळीवर पाचवा डबा, त्यावर आईचं नाव,
नवीनच्या मुठीत जीव माझा, अंबाबाई, आता तू धाव.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, कळलं. आता कुणीतरी उठेल, मला पोटाशी धरेल. आणि मग जो हशा उसळला! "अय्यय्यो! जीव मुठीत म्हणे!" "कोण गं हा नवीन?" "इंदू, जावई बघून ठेवलाय होय पोरीनं!" कुणी माझ्या गालाला चिमटा काढला, कुणी डोक्यावर अक्षता टाकल्या. उखाण्यात पोरीच्या तोंडून परक्या पुरुषाचं नाव आलं की त्याचा एकच अर्थ असतो, आणि त्यापुढं डबा कोण ऐकतो, धावा कोण ऐकतो? मी "नाही, नाही" म्हणत होते, आणि त्या जितकं नाही म्हणेन तितक्या जास्त हसत होत्या. आई हसत नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

बायका गेल्या आणि घरात पंचायत बसली. आईनं माझ्या थोबाडीत मारली, आयुष्यातली पहिली आणि शेवटची. म्हणूनच पोर वाळत चालली होती, म्हणूनच शनिवारी नटून जायची, असं सगळं तिच्या डोक्यात धडाधड जुळत गेलं. अप्पांनी फोन काढून घेतला. "जात कोणती त्याची?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "अप्पा, तसं नाहीये. तो चांगला माणूस नाही. तिकडे जाऊ नका." आत्या म्हणाली, "दुपारी जीव मुठीत होता, आता चांगला नाही! सगळ्या पोरी असंच बोलतात, रामू. उद्या दसरा आहे, मुहूर्त बघायला नको. मुलगा बघून तर येऊ, मग ठरवू हात तोडायचे की द्यायचे." मी रात्रभर अंथरुणावर तळमळले. सकाळी ते निघाले तेव्हा मी आईचा पदर धरला. "आई, पाचवा डबा त्याच्याकडे आहे गं." हे सांगितल्यावर तरी तिला कळेल असं मला वाटलं होतं. ती डोळे पुसत म्हणाली, "माझा डबासुद्धा देऊन बसलीस त्याला? मग घेऊनच येते." आणि आत्याला राखणीला ठेवून खोलीला बाहेरून कडी लावली.

दसऱ्याच्या सकाळी सगळी दुनिया मिरवणूक बघायला म्हैसुरात येत असते. येणाऱ्या गाड्यांना दारावर माणसं लटकलेली, आणि नंजनगूडला जाणारी गाडी रिकामी. त्या रिकाम्या गाडीतून माझे आईवडील नारळ आणि सोनं म्हणून द्यायची बन्नीची पानं घेऊन नवीनच्या दुकानात गेले. पुढचं सगळं मला आईनं नंतर सांगितलं, तुकड्यातुकड्यानं, कित्येक वर्षांत. नवीन आधी गडबडला, मग समजला, आणि त्याला हसू फुटलं असावं. स्टुलं पुसून दिली, अप्पांच्या पाया पडला. अप्पांनी त्याला सोनं दिलं. तेवढ्यात आईची नजर वर गेली. "अहो! तो माझा डबा!" तिनं इतक्या मोठ्यानं म्हटलं की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. त्याला काढून देणं भाग पडलं. तो डबा घेऊन आत गेला आणि थोड्या वेळानं बाहेर आला. "खाली डब्बा कोडबारदू, अम्मा." वर केळी होती. खाली तंगीच्या मैत्रिणीचं औषध आहे, तिला आजच द्या, ती समजेल, असं म्हणाला. माझ्यासाठीच होता तो निरोप: आता तुझी आईसुद्धा माझा माल वाहते, आता कुठं पळशील?

आणि आई तो डबा मांडीवर घेऊन पॅसेंजरनं आली. कपिलेच्या पुलावरून, पोलिसांनी भरलेल्या म्हैसूर स्टेशनाच्या अलीकडे चामराजपुरमला उतरून, गर्दीतून घरी. कडी निघाली तेव्हा मी दारामागेच बसलेली होते. आई रडून थकलेली, पण हातात डबा घट्ट. "घे. तुझ्या मैत्रिणीचं औषध दिलंय त्यानं. मुलगा बोलायला बरा आहे," आणि मग हळूच, तिला राहवलं नाही म्हणून, "बघ, पाचही झाले." तिच्या हातात तो डबा बघून माझ्या तोंडून काय निघालं ते मला आठवत नाही. जनावर ओरडतं तसं काहीतरी असावं. मी डबा हिसकावला, केळी फेकली, पाकीट फाडलं आणि सगळं बाहुल्यांच्या पायरीपुढं ओतलं. गोळ्यांच्या पट्ट्या, पुड्या, राजा-राणीच्या पायाशी. "हे बघ! हे असतं डब्यात! हे नेते मी! तुझं नाव आहे म्हणून नेते!"

मग मी बोलत सुटले. केळ्याचा रस, फळी, हुणसूर, उद्याची ट्रिप, सगळं. आत्यानं तोंडावर हात ठेवला. अप्पा भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. आई त्या पसाऱ्याकडे बघत होती. ती पुटपुटली, "पाचवा डबा, त्यावर आईचं नाव..." ओळ पुरी केली नाही. माझ्या गालावर, जिथं मारलं होतं तिथं, तिनं हात ठेवला. अप्पांना कंठ फुटला तो असा: "गटारात टाक सगळं. डबासुद्धा टाक. कुणाला काही कळता कामा नये. पोरीच्या अब्रूचा प्रश्न आहे." आत्याचंही तेच, जाळून टाका. ज्यांच्या भिंतीशी कालची तलवार अजून हळदकुंकू लावून ठेवलेली होती, ते माझे अप्पा उठून खिडक्या लावत सुटले. मी त्यांना दोष देत नाही. मी स्वतः इतके दिवस तेच तर करत होते.

आई उठली. सगळा माल गोळा करून डब्यात भरला, झाकण लावलं. दसऱ्याची नवी साडी तिच्या अंगावर होतीच, तिनं फक्त केस सारखे केले आणि माझा हात धरला. अप्पा म्हणाले, "इंदू, वेडी झालीस? नाव तुझं आहे त्याच्यावर. तुलाच आत टाकतील." ती चपला घालता घालता म्हणाली, "माझंच आहे म्हणून तर मी जाते. तुमचं असतं तर तुम्ही गेला असतात." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच तसं वाटत होतं. त्यामुळेच ते अप्पांना जास्त लागलं असणार. आम्ही रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचलो तेव्हा मागून ते धावत आले, पायात एक त्यांची चप्पल आणि एक आत्याची.

पोलीस ठाण्यात शुकशुकाट. सगळे मिरवणुकीच्या बंदोबस्ताला गेलेले, टेबलापाशी एकटी बाई हवालदार डबा उघडून चित्रान्न खात होती. आईनं आपला डबा तिच्या डब्याशेजारी ठेवला. "येनम्मा इदु?" हे काय, असं तिनं विचारलं. आईनं झाकण काढलं, बोट डब्यावरच्या त्या कललेल्या अक्षरांवर ठेवलं आणि म्हणाली, "ई डब्बा नंदु. हेसरु नंदु. ओळगिरोदु नंदल्ला." हा डबा माझा. नाव माझं. आत आहे ते माझं नाही. त्याच वेळी लांब राजवाड्याकडे तोफा सुटायला लागल्या, देवीची अंबारी निघाली असणार. खिडकीची तावदानं थरथरत होती. आईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतून माझ्या मनगटावर वळ उठला होता.

पुढं सगळं छान झालं असं लिहायला मला आवडलं असतं. नवीनला हुणसूरच्या बसस्टँडवर धरलं, आणि त्यानं पहिल्यांदा आईचंच नाव घेतलं, तो म्हणाला होता तसंच. आईला कितीदा बोलावलं, कितीदा त्याच बाकावर तासन्‌तास बसवलं, तेच प्रश्न पुन्हा पुन्हा. उरलेले चार डबेही तपासायला नेले. मला बाल न्याय मंडळापुढं उभं केलं, तिथल्या एका बाईंनी माझं सगळं न टोकता ऐकून घेतलं, म्हणून मी वाचले. पण त्या दिवशी हसलेल्या बायका आमच्याकडे यायच्या बंद झाल्या, दुकानांनी कोडबळी घेणं थांबवलं, आणि कढई माळ्यावर गेली. घर तळणाच्या वासाशिवाय इतकं परकं वाटतं हे मला तेव्हा कळलं. आईनं एकदाही मला बोल लावला नाही. तिला उखाणा घे म्हटलं तर मात्र आजतागायत तिनं घेतलेला नाही.

चार डबे परत आले, पाचवा पुरावा म्हणून ठेवून घेतला तो कायमचाच. आता आई माझ्याकडे राहते. दिसतं कमी, ऐकू येतं कमी, पण फळीवरच्या डब्यांवरून हात फिरवून मोजते आणि म्हणते, "एक तिकडे आहे." गेल्या आठवड्यात समोरच्या बिऱ्हाडातली सूनबाई आमचा डबा परत द्यायला आली. चांगल्या घरची मुलगी, कुणीतरी तिला आमची पद्धत सांगितली असावी, म्हणून आत लाडू ठेवले होते. आई दारापर्यंत भिंत धरत गेली. एकेक लाडू बाहेर काढून तिच्या ओंजळीत परत ठेवला, डब्यात हात घालून तळाशी चाचपून बघितलं, आणि तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "आमच्याकडे रिकामाच देत जा हं, बाळ."